गरम झाल्यावर बंद पडते? आधी कंडेन्सर बघा
थंड गाडी एका किकमध्ये चालू होते, तापली की बंद पडते, अशा तक्रारीवर कुणी कार्ब्युरेटर साफ करायला सांगेल. तोही असू शकतो, पण पॉइंटवाली (इग्निशनसाठी उघडझाप करणारे धातूचे संपर्क असलेली) जुनी गाडी असेल तर आधी कंडेन्सर (पॉइंटवरची ठिणगी आवरणारा छोटा विद्युत भाग) बघा. खराब कंडेन्सर तापला की दगा देतो, थंड झाला की पुन्हा ठीक, म्हणून दोष सापडत नाही. पॉइंटवरचं झाकण काढून इंजिन चालू असताना अंधारात पॉइंटकडे बघा: बारीक निळी ठिणगी चालते, जाड, पिवळसर-पांढरी उडत असेल तर कंडेन्सर गेलाच समजा.

एका बाजूला खड्डा, दुसरीवर टेंगूळ आलेले पॉइंट घासत बसू नका, कंडेन्सरसोबत तेही बदला. पॉइंटमधला गॅप (फट) बहुतेक गाड्यांत ०.३५ ते ०.४० मिमी, पॉइंट पूर्ण उघडे असताना. मग टायमिंगही (ठिणगी नेमकी कधी पडते ते) तपासा. आणि फिलर गेज (गॅप मोजायची पातळ पट्टी) पुसून घ्या हो, त्याचं तेल लागलं की नवे पॉइंटही जळून काळे पडतात.