नियमावलीतल्या फेरबदलावर हरकत नोंदवायची आहे: बिल्डर संघटनांच्या निवेदनापुढे ती टिकेल कशी?

अंगण_ओसरी

नगर विकास विभाग एमआरटीपी (महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना) कायद्याच्या कलम ३७(१कक) खाली बांधकामाच्या विकास नियंत्रण नियमावलीत फेरबदलाची सूचना काढतो आणि महिनाभर हरकती-सूचना मागवतो. क्रेडाई, नरेडकोसारख्या संघटनांची निवेदनं त्याआधीच मंत्रालयात पोचलेली असतात. तीनशे सदनिकाधारकांनी एकाच छापील मजकुरावर सह्या करून हरकती दिल्या तर त्यांना वजन येतं का? हरकत नेमकी कशी लिहायची? आणि संघटनेने काय मागितलं होतं, ते कागदावर मिळू शकतं का?

चटईक्षेत्र

छापील मजकुराच्या तीनशे हरकती सुनावणीच्या अहवालात एकाच मुद्द्याखाली जातात. त्यापेक्षा वेगवेगळ्या मुद्द्यांच्या पाच हरकती द्या. प्रत्येक मुद्द्यावर अधिकाऱ्याला स्वतंत्र अभिप्राय लिहावा लागेल.

आधी समोरची बाजू कशी लिहिते ते पाहा. संघटना सहसा ‘नियम काढून टाका’ म्हणत नाही, ‘स्पष्टीकरण हवे’ म्हणते. खरा बदल तीन ठिकाणी लपतो: व्याख्येत, लागू होण्याच्या तारखेत आणि परंतुकात (नियमाला जोडलेल्या अटीत किंवा अपवादात).

व्याख्येचं उदाहरण घ्या. रेरा, म्हणजे घरखरेदीदारांच्या संरक्षणाच्या स्थावर मालमत्ता कायद्यात चालू प्रकल्पाची कसोटी सरळ आहे: कायदा लागू होताना पूर्णत्वाचा दाखला मिळालेला नसेल तर नोंदणी करा. उत्तर प्रदेशच्या २०१६ च्या नियमांनी मात्र काम पूर्ण झाल्याचं प्रमाणित करून दाखल्यासाठी नुसता अर्ज केलेले प्रकल्पही बाहेर काढले. एका उपखंडाने ग्राहकांचं संरक्षण गेलं.

टक्केवारीचंही तसंच. ग्राहकांकडून आलेल्या पैशांपैकी ७० टक्के स्वतंत्र खात्यात ठेवायचे, पण रेराच्या २०१३ च्या विधेयकात त्यापुढे ‘किंवा सरकार ठरवेल तेवढी कमी रक्कम’ अशी मुभा होती. २०१५ च्या दुरुस्त्यांत आकडा ५० वर आला. २०१६ च्या कायद्यात तो पुन्हा ७० झाला आणि ‘किंवा कमी’ गेलं. मसुद्यात ‘किंवा’, ‘शक्यतो’, ‘सक्षम प्राधिकाऱ्याच्या मते’ हे शब्द दिसले की तिथे पेन्सिलीने खूण करा.

परंतुकाचा नमुना दिवाळखोरी संहितेत सापडतो. २०१८ मध्ये घर घेणाऱ्यांना वित्तीय धनको, म्हणजे बिल्डरविरुद्ध दिवाळखोरीचा अर्ज करू शकणारे, मानलं गेलं. डिसेंबर २०१९ च्या वटहुकमाने अट आली: त्याच प्रकल्पातले किमान १०० खरेदीदार किंवा १० टक्के, यांपैकी जे कमी असेल तेवढ्यांनी मिळूनच अर्ज करायचा. हक्क कायम राहिला, पण एकट्याला तो वापरता येईना.

आता हरकत. तीन रकाने करा: प्रस्तावित मजकूर जसाच्या तसा, त्याऐवजी हवा तो मजकूर, आणि कारण. दुसरा रकाना सर्वांत महत्त्वाचा, आणि लोक नेमका तोच कोरा सोडतात. ‘आमचा विरोध आहे’ एवढ्यावर अधिकारी काही करू शकत नाही. पर्यायी वाक्य तयार मिळालं तर ते तो शिफारशीत उचलू शकतो.

कारणात आकडेमोड द्या. समजा मोकळी जागा १० वरून ८ टक्के करायचा प्रस्ताव आहे. ४,००० चौ.मी.च्या भूखंडावर ४०० ची ३२० चौ.मी. होते. २०० सदनिका असतील तर घरटी २ वरून १.६ चौ.मी. ‘मुलांना खेळायला जागा राहणार नाही’ याच्या जोडीला हा हिशेब असायलाच हवा.

सूचनेचा क्रमांक व तारीख विषयातच लिहा. पत्ता सूचनेत दिलेलाच वापरा. बऱ्याचदा तो सहसंचालक, नगररचना यांच्या कार्यालयाचा असतो आणि लोक मंत्र्यांच्या नावाने मंत्रालयात पत्र टाकून मोकळे होतात. दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांकासह पोच घ्या आणि ‘प्रत्यक्ष सुनावणीची संधी द्यावी’ हे वाक्य विसरू नका. स्वतःच्या बिल्डरची तक्रार त्यात मिसळली, तर अख्खी हरकत ‘वैयक्तिक स्वरूपाची’ म्हणून बाजूला पडते.

नस्ती_क्रमांक

कागदाबद्दल. आपल्याकडे लॉबिंगची नोंदणी किंवा भेटीगाठी जाहीर करणं बंधनकारक करणारा कायदा नाही. त्यामुळे माहिती अधिकार हीच वाट.

वेळेचं गणित नीट लक्षात घ्या. हरकतीला एक महिना आणि माहिती अधिकाराच्या उत्तरालाही ३० दिवस. म्हणून सूचना निघाली त्याच दिवशी अर्ज टाका. प्रती हातात येतील तोवर हरकतीची मुदत संपलेली असेल, पण त्या सुनावणीत वापरता येतात.

महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांत बसवायचा, शुल्क १० रुपये. मागणी अशी लिहा: ‘सदर सूचनेच्या नस्तीतील (फाइलमधील) टिप्पणी भाग, पत्रव्यवहार भाग, प्राप्त निवेदने व बैठकांची इतिवृत्ते यांच्या प्रती, तसेच नस्तीची प्रत्यक्ष पाहणी.’ ‘बिल्डरांच्या दबावाची माहिती द्या’ असं लिहिलंत तर ‘माहिती उपलब्ध नाही’ असं उत्तर येईल, आणि तांत्रिकदृष्ट्या ते चुकीचंही नसेल.

नकार बहुधा माहिती अधिकार कायद्याचं कलम ८(१)(झ) दाखवून येतो. ते मंत्रिमंडळाच्या कागदपत्रांसाठी आहे, तेव्हा विषय मंत्रिमंडळापुढे गेला होता का ते विचारा. ३० दिवसांत पहिलं अपील करा, २० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून. अपिलात कलम ४(१)(ग) मांडा: महत्त्वाची धोरणं आखताना त्यासंबंधीची सर्व वस्तुस्थिती स्वतःहून प्रसिद्ध करणं हे शासनाचं कर्तव्य आहे.

मोफा६३

वरच्या दोन्ही प्रतिसादांत एक गोष्ट सुटली आहे. सूचनेत शेवटपर्यंत वाचून एमआरटीपी कायद्याचं कलम १५४ शोधा. त्याखालील शासनाचे निर्देश जोडलेले असतील तर फेरबदल अंतिम होण्याआधीच लागू होतो. तुम्ही हरकत लिहीत असता आणि तिकडे नव्या नियमाने नकाशे मंजूर होत असतात. अशा वेळी पहिली मागणी निर्देश मागे घेण्याची करा. दुसरी, दरम्यान दिलेल्या परवानग्या अंतिम निर्णयाच्या अधीन ठेवण्याची.

आणि सवलत येणारच असं दिसत असेल तर नुसता विरोध करण्यापेक्षा अट मागा. जानेवारी २०२१ मध्ये दीपक पारेख समितीच्या शिफारशीवरून बांधकाम प्रीमियममध्ये (बांधकाम परवानगीसाठी विकासक भरतो त्या अधिमूल्यात) ५० टक्के सूट मिळाली, ३१ डिसेंबर २०२१ पर्यंत. सोबत अटी होत्या: सूट घेणाऱ्या प्रकल्पात ग्राहकाचं पूर्ण मुद्रांक शुल्क विकासकाने भरायचं, आणि प्रीमियम १ एप्रिल २०२० चा किंवा चालू रेडी रेकनर (सरकारी मूल्यांकन) दर यांतल्या जास्त दराने मोजायचा. घराची किंमत आपोआप उतरेल या आश्वासनापेक्षा अशी अट बरी, कारण ती दस्त नोंदवताना तपासता येते.

अंगण_ओसरी

फार उपयोगी. रेराच्या नियमांत बदल झाला तर हीच पद्धत चालते का?

चटईक्षेत्र

नाही, तो मार्ग वेगळा आहे. रेराचे नियम कलम ८४ खाली राज्य शासन करतं आणि ते गृहनिर्माण विभागाकडे असतात. विनियम कलम ८५ खाली महारेरा, म्हणजे राज्याचं रेरा प्राधिकरण, करतं. त्याखेरीज महारेराचे आदेश आणि परिपत्रकं असतात, ती फार वेगाने निघतात. मे २०२० मध्ये केंद्राने कोविडला कलम ६ मधली, म्हणजे मुदतवाढ मिळू शकेल अशी आपत्ती मानायचा सल्ला दिला, आणि महारेराने त्याच महिन्यात प्रकल्पांना सहा महिन्यांची मुदतवाढ दिली. तिथे महिनाभराच्या सूचनेची वाट पाहत बसलात तर उशीर होतो. संकेतस्थळावरची परिपत्रकं दर आठवड्याला बघा आणि सचिवांना लेखी म्हणणं कळवा.

नियमांच्या बाबतीत आणखी एक दार उघडं असतं. कलम ८६ प्रमाणे राज्याचे नियम विधिमंडळापुढे ठेवावे लागतात. आमदारांना भेटायचं तर त्याच वेळी, हातात तोच तीन रकान्यांचा कागद घेऊन.