मॉर्फिड नव्हे, मॉर्विद : तुम्हाला ती कुठे भेटली?

ज्ञ (कार्डिफ)

इथं वेल्समध्ये येऊन सात वर्षं झाली. एकदा ऑफिसात डबा खाताना मी 'मॉर्फिड क्लार्क'चं तोंड भरून कौतुक करत होते. समोरची बाई पेनार्थची, म्हणजे ही नटी जिथं वाढली त्याच गावची. तिनं हातातला चमचा खाली ठेवला. "आमच्या वेल्श भाषेत एकटा एफ म्हणजे व. आणि दोन डी म्हणजे हे," असं म्हणून तिनं जीभ दातांना लावून दाखवली. इंग्रजी 'दॅट'मधला द, साधारण तसा. म्हणजे Morfydd हे मॉर्विद!

माझ्या नावाची सुरुवात ज्ञ नं होते. पहिल्याच आठवड्यात मी 'डी' होऊन बसले. कुणी तसं सांगितलं नव्हतं, मलाच प्रत्येकाला समजावण्याचा कंटाळा आला. आणि ही मॉर्विद! १९८९ चा जन्म, तोही स्वीडनमध्ये, बालपण पेनार्थला, आणि 'द रिंग्ज ऑफ पॉवर'सारख्या जगभर पोचलेल्या मालिकेच्या नामावलीत अख्खं वेल्श नाव, एक अक्षर न गाळता.

तुम्हाला ती कुठल्या कामात भेटली? वेल्सचे, वेल्श भाषेचे अनुभवही चालतील.

रातपाळी (स्वान्सी)

मी नर्स आहे, पॅलिएटिव्ह वॉर्डला. म्हणजे जिथं बरं करायचं नसतं, त्रास कमी करायचा असतो. 'सेंट मॉड' मला एका मैत्रिणीनं जबरदस्तीनं दाखवला. मॉर्विद त्यात अशीच शेवटच्या आजारातल्या बाईची देखभाल करणारी नर्स आहे. पेशंट एके काळची नर्तकी, लिम्फोमा हा कर्करोग झालेली. मॉडला वाटतं, या बाईचा आत्मा वाचवायला देवानं आपल्याला पाठवलंय. भयपट म्हणतात त्याला. मला भीती वाटली ती वेगळ्याच गोष्टीची. ड्यूटी संपल्यावर एकटीच्या खोलीत पेशंट डोक्यातून जात नाही, तो एकटेपणा तिनं जसाच्या तसा उचललाय. पुढं ती बुटात टाचण्या घालून चालते, तिथं मात्र मी डोळे मिटले.

त्यात देव तिच्याशी बोलतो तो वेल्शमध्ये. आवाजही मॉर्विदचाच, जाड केलेला. मला नुसती घरघर वाटली होती. मैत्रीण वेल्शभाषक, ती शहारली. "लहानपणी आजी याच भाषेत रागवायची," म्हणाली.

आता माझी फजिती. आमच्याकडे एक आजोबा होते, आयुष्यभर इंग्रजीत व्यवहार केलेले. शेवटच्या आठवड्यात इंग्रजी गळून पडलं, फक्त वेल्श उरलं. पहाटे चारला ते मला म्हणायला लागले, "दूर... दूर..." बारा तासांच्या पाळीनंतर डोकं कुठं जाग्यावर असतं? मी खरोखर दोन पावलं मागं सरले. त्यांनी पुन्हा ओठ हलवले, "दूर". तेवढ्यात शेजारच्या खाटेवरून कुणीतरी ओरडलं, "वॉटर!" वेल्शमध्ये दूर म्हणजे पाणी. स्पंजची काडी ओली करून ओठांना लावली, तर त्यांनी ती दातात धरूनच ठेवली.

खवचट (पुणे)

सगळे हळवे होण्याआधी बोलून घेतो. 'रिंग्ज ऑफ पॉवर'चा २०२२ चा पहिला सीझन मी अर्ध्यात सोडला. त्यात मॉर्विद झालीय गलाड्रिएल, म्हणजे एल्फ या अमर जमातीतली योद्धी, आणि ती सारखी जबडा आवळून फिरते. 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' चित्रपटांतली केट ब्लँचेटची गलाड्रिएल डोक्यात बसलेली, त्यामुळे ही आक्रस्ताळी वाटली.

पण एक मान्य करतो. तिच्या तोंडी एल्फांची भाषा येते तेव्हा ती पाठ केलेली वाटत नाही. ज्याच्या कथांवरून ही मालिका आली त्या टॉल्किननं एल्फांची सिंडारिन ही भाषा रचताना उच्चारांची ठेवण वेल्शवरून घेतली होती. म्हणजे बाकीच्यांना परकीय पडणारी वळणं हिच्या जिभेवर आधीपासून असणार. त्याच मालिकेतला राजपुत्र ड्युरिन, ओवाइन आर्थर, तोही वेल्शभाषक. २०२१ च्या जनगणनेत वेल्समध्ये वेल्श येणारे साधारण ५ लाख ३८ हजार निघाले. आमच्या पिंपरी-चिंचवडमध्ये याच्या कितीतरी पट माणसं राहतात.

नाशिकची आई

शाळेत मॉर्विदला डिसलेक्सिया (वाचताना अक्षरं नीट न जुळणं) आणि एडीएचडीचा (लक्ष एका जागी न टिकणं) त्रास झाला, हे वाचलं तेव्हापासून ती मला आमच्या घरातली वाटते. माझा मुलगा सातवीत आहे. जोडाक्षर आलं की तो ओळीवरून घसरतो, आणि पुन्हा सापडेपर्यंत वर्ग पुढे गेलेला असतो. मागच्या वर्षी शाळेच्या नाटकात त्याला झाड केलं, "वाचताच येत नाही तर संवाद कसे द्यायचे?" यंदा मी सगळं नाटक फोनवर बोलून ठेवलं. तीन दिवसांत त्याला स्वतःचे सोडा, राजाचे, प्रधानाचे आणि दोन्ही शिपायांचे संवाद तोंडपाठ! तरी यंदाही शिपाईच. दुसरा.

'बघा, तीसुद्धा मोठी झाली' छापाचे मेसेज कृपया मला पाठवू नका. पोरगं आज रडलं तर आज रडलं.

टेकडीवरचा (सध्या ठाणे)

मी मॉर्विदला ती प्रसिद्ध होण्याआधी पाहिलंय! उत्तर वेल्समध्ये ट्रॉसवनिथला १९९१ साली बंद झालेलं अणुवीज केंद्र आहे, ते मोडायचं काम वर्षानुवर्षं चालू आहे. त्या कामावर मी होतो. २०१३ च्या उन्हाळ्यात जवळच्या तोमेन-अ-मीर या टेकाडावर उघड्यावर नाटक होतं, 'ब्लोदाय्वेथ'. घरमालकीणबाईंनी ओढत नेलं. दंतकथा अशी, की जादूगार ओक आणि रानफुलांपासून एक बायको घडवतात. तिला कुणी विचारलेलंच नसतं. ती दुसऱ्यावर जीव लावते, आणि शिक्षा म्हणून तिचं घुबड होतं. कथेतलं त्या नवरा-बायकोचं घरही याच टेकाडावर असल्याचं मानतात.

शब्द एक कळला नाही. थंडीनं कानशिलं बधिर झाली होती, अर्धा वेळ मी चहाच्या थर्मासकडे बघत होतो. पण ती फुलांची पोरगी बोलायला लागली की थर्मास विसरायचो. लंडनच्या ड्रामा सेंटरमधलं शिक्षण संपायच्या आत ती या भूमिकेसाठी आली होती, हे फार उशिरा वाचलं. 'डेव्हिड कॉपरफील्ड'च्या २०१९ च्या चित्रपटात तीच आई आणि तीच प्रेयसी डोरा. बायकोला म्हटलं, हिला मी टेकडीवर पाहिलंय. "तुम्ही काय, सगळ्यांनाच कुठं ना कुठं पाहिलेलं असतं," हे उत्तर.

ज्ञ (कार्डिफ)

रातपाळी, तुमचं 'दूर' वाचून उठले आणि फ्रिजवर लावलेलं पाण्याचं बिल बघितलं. वर ठळक अक्षरांत 'दूर कम्री' लिहिलंय, म्हणजे वेल्सचं पाणी. सात वर्षं ते दर वेळी भरतेय आणि त्याला 'डॉवर सिम्रू' म्हणतेय. कस्टमर केअरशी फोनवर बोलतानासुद्धा! पलीकडची बाई एकदाही हसली नाही हो.