भिजवण्यापेक्षा तापवा
गिटारची बाजू वाकवताना कमरेपाशी (मधल्या अरुंद भागात) तडकतेय म्हणून लाकडाची पट्टी रात्रभर भिजवावी का, असं विचारलंत. उपयोग नाही. लाकूड वाकतं ते उष्णतेनं. आतलं लिग्निन, म्हणजे तंतूंना धरून ठेवणारा घटक, तापून नरम पडतं. पाणी वाफेपुरतं आणि करपू नये म्हणून. खरा घोळ तुमच्या ३ मिमी जाडीत आहे. शिसम २ मिमीच्या आसपास आणा. ज्या तापलेल्या धातूच्या पाइपवर पट्टी वाकवायची, त्यावर टाकलेला पाण्याचा थेंब नाचत सुटला पाहिजे. सुरुवात कमरेपासूनच. जोर नको, पट्टी टेकवून झुलवत राहा. एका क्षणी ती हाताला ढिली लागते, तेव्हा वळवा. बाहेरच्या अंगाला पातळ पत्रा धरलात तर तंतू उचकटत नाहीत. (माझी पहिली महोगनी पत्रा असूनही मोडली, लाकडाच्या तंतूंच्या रेषा तिरप्या होत्या.) मग साच्यात आवळून ठेवा, तरी थोडी उलगडतेच.