वचन ऐकून हसू आलं, तर तो अविश्वास का?

शाहूपुरीची_अक्का (प्रश्न)

सर्वांना सलाम. कोल्हापुरातून लिहितेय.

आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, ३१ डिसेंबरच्या रात्रीच्या उपासनेनंतर बायबलमधल्या वचनाच्या चिठ्ठ्या देतात. ताटात गुंडाळ्या ठेवलेल्या असतात, ओळीनं पुढं जाऊन एक उचलायची आणि जे वचन येईल ते वर्षभर धरून ठेवायचं. यंदा माझ्या धाकट्या जावेला उत्पत्ती १८:१४ आलं. परमेश्वराला काही असाध्य आहे काय, साराला मुलगा होईल, ते. तिच्या लग्नाला बरीच वर्षं झालीत, मूल नाही. औषधपाणी झालं, पुण्याला जाऊन टेस्ट ट्यूबचे प्रयत्न झाले, त्यात अंगावरचं सोनं गेलं. चिठ्ठी उघडल्याबरोबर आजूबाजूच्या बायकांनी "आमेन, आमेन" करत तिला मिठ्या मारल्या आणि ती हसली. मी शेजारीच होते. आनंदाचं हसू नव्हतं ते.

पुढच्याच घरसभेत एका वडीलधाऱ्या बाईंनी सगळ्यांदेखत तिला सुनावलं, "तू हसलीस, शंका घेतलीस, म्हणून अडलंय. जखऱ्याचं काय झालं ते आठव." तेव्हापासून ती घरसभेला येत नाही. रविवारी येते, मागच्या बाकावर बसते आणि आशीर्वाद व्हायच्या आधी उठून स्कूटरपाशी जाते. परवा भाकरी थापता थापता मला म्हणाली, "अक्का, मी विश्वास ठेवून ठेवून दमलो. आता कुणी आशेला लावू नका मला." तव्यावरची भाकरी करपली, तरी दोघींपैकी कुणाला उलटायचं सुचलं नाही.

तिला थातुरमातुर काही सांगायचं नाही, म्हणून शास्त्रातूनच विचारते. साराचा नवरा अब्राहामसुद्धा मुलाचं वचन ऐकून पालथा पडून हसला (उत्पत्ती १७). शंभर वर्षांच्या माणसाला मूल व्हायचं? नव्वदीची सारा बाळंत व्हायची? असं तो मनात म्हणाला आणि देव त्याच्यावर रागावला नाही. सारा तंबूच्या दाराआड हसली, तिला मात्र विचारणा झाली. येशूची आई मरीया कुमारी असताना तुला मुलगा होईल असं देवदूतानं सांगितलं, हे कसं होईल म्हणून तिनं विचारलं, तर तिला नीट उत्तर मिळालं. म्हाताऱ्या जखऱ्याला देवदूतानं मुलगा होईल म्हणून सांगितलं, त्यानं जवळपास तेच विचारलं, तर त्याची वाचा गेली. मग कुठली शंका चालते आणि कुठली नाही? रोमकरांस पत्रात तर प्रेषित पौल लिहितो की अब्राहाम डळमळला नाही. आणि चिठ्ठीवर आलेलं वचन तुलाच दिलंय, असं मी तिच्या तोंडावर म्हणू का?

मिरजेचे_मास्तर

ताई, सलाम. शब्बाथशाळेत शिकवताना मुलं जखऱ्यापाशी हमखास अडायची. लूक १ सावकाश वाचा. तो याजक होता, पवित्रस्थानात धूप जाळायला चिठ्ठीनं त्याचंच नाव निघालेलं, धूपवेदीच्या उजव्या बाजूला देवदूत उभा. आणि दूत सुरुवातीलाच म्हणतो, भिऊ नको, तुझी विनंती ऐकली आहे. म्हणजे मागणं त्याचंच होतं, आणि म्हातारपणी मूल झालेल्या साराची गोष्ट तर त्याला तोंडपाठ असणार. तरी तो हे कशावरून समजू म्हणतो, खूण मागतो. मरीयेपुढं मागचा एकही दाखला नव्हता. ती पुरावा मागत नाही, कसं घडणार एवढंच विचारते. मला एवढा फरक दिसतो. पण त्यावरून नियम करायला जाऊ नका, कारण शास्ते ६ मध्ये गिदोनानं लोकरीवरच्या दहिवराची खूण दोनदा मागितली आणि देवानं दोन्ही वेळा दिली.

तुमच्या त्या बाईंनी अर्धीच गोष्ट सांगितली. जखऱ्याची वाचा गेली, पण वचन काढून घेतलं गेलं नाही. त्याची बायको अलीशिबा गरोदर राहिली, मुलगा योहान झाला, आठव्या दिवशी बापानं पाटीवर नाव लिहिलं आणि त्याचं तोंड मोकळं झालं. सारा हसली, वर भिऊन "मी हसले नाही" असंही म्हणाली, तरी तिचा मुलगा इसहाक ठरल्या वेळी झाला. दोन्ही घरांत शंकेपायी काही अडलेलं नाही. मग तुमच्या जावेचं हसण्यानं अडलंय, हे त्या बाई कशाच्या आधारावर म्हणतात?

सांगलीची_सिस्टर

मी प्रसूती वॉर्डात काम करते, त्यामुळे तुमचं वाचून राहवलं नाही.

चिठ्ठीचं आधी. अब्राहामाला जे सांगितलं ते त्याला, त्याच्या बायकोचं नाव घेऊन, पुढच्या वर्षी याच सुमाराला अशी मुदत देऊन. ताटातली चिठ्ठी आपण उचलतो. देव तिच्यातून धीर देतो, मलाही दिलाय. पण तिच्यावर मुलाची हमी लिहून दिलीय असं तिला सांगू नका. नाही झालं तर खापर तिच्याच माथी फुटेल. मुदत नसते तेव्हा माणसं काय करतात तेही त्याच घरात दिसतं. अब्राहाम हारान सोडून निघाला तेव्हा ७५ वर्षांचा, इसहाक झाला तेव्हा १००. मधल्या काळात साराच्या दासीकडून, हागारकडून, मूल मिळवायची घाई केली ती दोघांनी, आणि पोटुशी असताना रानात पळून जायची वेळ आली हागारवर.

पौलाचंही तसंच. त्याच ठिकाणी तो म्हणतो की आपलं शरीर निर्जीव झालंय हे अब्राहामाच्या ध्यानात होतं. म्हणजे विश्वास ठेवायचा तर रिपोर्ट खोटे म्हणावे लागत नाहीत.

आता जाऊबाईंचं "आशेला लावू नका". हेच एक बाई बायबलमध्ये बोललीय, २ राजे ४ मध्ये. शुनेम गावची, खाऊनपिऊन सुखी, मूल नाही, नवरा म्हातारा. संदेष्टा अलीशा याच्यासाठी तिनं माडीवर खोली बांधली, आत पलंग, मेज, बसायला चौरंग, दिवा. स्वतःसाठी काही मागितलं नाही. तो म्हणाला, पुढल्या वर्षी तुझ्या कुशीत मुलगा असेल, तर ती म्हणते, नको, माझ्याशी खोटं बोलू नका. तिला कुणी अविश्वासी म्हटलं नाही. मुलगा झाला. मोठा झाल्यावर एक दिवस शेतात डोकं धरून बसला आणि दुपारी आईच्या मांडीवरच त्यानं प्राण सोडला. ती थेट कर्मेल डोंगराकडे, अलीशाकडे निघाली. वाटेत अलीशाचा नोकर गेहजी यानं विचारपूस केली, तर सगळं ठीक आहे म्हणाली. अलीशाचे पाय मात्र घट्ट धरले आणि विचारलं, मी मागितला होता का मुलगा? गेहजी तिला लोटायला पुढं झाला. अलीशा म्हणाला, राहू दे तिला, तिचा जीव कष्टी झालाय आणि परमेश्वरानं हे माझ्यापासून लपवलंय. मग उठून तिच्याबरोबर गेला.

संदेष्टा मला ठाऊक नाही म्हणतो, आणि आपल्या घरसभेत कारण लगेच सांगून मोकळे होतात. घरसभेत तुमच्या जावेशी गेहजीसारखं वागले, ताई.

रंकाळ्याकाठचा

मी ख्रिस्ती नाही, पण कोल्हापूरचाच, म्हणून लिहितो. आमच्याकडे देवाला कौल लावतात. माझ्या आत्याला उजवा कौल मिळाला होता आणि मूल झालं नाही. ती देवळात जायची ती जातच राहिली. पाहुण्यांतलं कुणी "मनोभावे केलं नसशील" म्हणालं, तेव्हा आजीनं त्याला ताटावरनं उठवलं होतं. तुमच्या जाऊबाईंच्या बाजूनंही घरातलं कुणीतरी असं उघड उभं राहायला हवं.

शाहूपुरीची_अक्का

मास्तर, सिस्टर, दादा, तिघांचे आभार. शुनेमची गोष्ट मी लहानपणापासून ऐकलीय, पण मुलगा जिवंत झाला एवढीच लक्षात राहिली होती. नको, खोटं बोलू नका, हे तिचं बोलणं कुणी कधी थांबून वाचूनच दाखवलं नाही.

त्या बाईंशी मी बोलणार आहे, त्यांच्या घरी जाऊन, चारचौघांत नाही. जावेला चिठ्ठीबद्दल विचारलंच तर सांगेन की मला ठाऊक नाही. घरसभेत तिचं नाव घेऊन मूल मागायचं बंद करा, असं पाळकसाहेबांना सांगते. तिनं स्वतः सांगितलं तरच मागा. घरी मी मागत राहीन, ते सोडवणार नाही माझ्याच्यानं.