व्होइतेखने गादी स्वतः का नाही घेतली? (१०७२ चा बल्गेरियन उठाव)

अर्धवट_वाचक
बायझंटाइन काळाबद्दल वाचताना एका ठिकाणी अडकलोय. स्कोप्येचा बल्गेरियन सरदार गेओर्गी व्होइतेख, बायझंटाइन साम्राज्याविरुद्धच्या उठावाची सगळी जुळवाजुळव ह्याची आणि राजा करायला बोलावलं कुणाला, तर दुक्ल्याच्या (आजचं माँटेनेग्रो) राजाच्या पोराला, कॉन्स्टंटिन बोदिनला. स्वतःच का नाही बसला? मला तर येडेपणा वाटतो.

जुनं_पान
येडेपणा कसला, घराण्याचा प्रश्न होता. व्होइतेख काव्हखानांच्या घरातला, म्हणजे जुन्या बल्गेरियात राजाच्या खालोखालचा मान, पण झारचं (बल्गेरियन राजाचं) रक्त नाही ना. बोदिनचं नातं झार सॅम्युएलच्या घराण्याशी लागायचं. तो ३०० माणसं घेऊन प्रिझरेनला आला, तिथंच त्याला झार केलं आणि नाव ठेवलं पीटर. १०४० च्या बल्गेरियन उठावाचा म्होरक्या डेल्यान, त्यानेही हेच नाव घेतलं होतं, म्हणजे नावाचीच जादू म्हणायची.

तिखट
वेळ पण बघा की. १०७१ ला मान्झिकर्टच्या लढाईत सेल्जुक तुर्कांनी खुद्द बायझंटाइन सम्राटालाच पकडलं, सैन्याची वाट लागलेली, वरनं करवसुलीचा जाच. बायझंटाइन सम्राट बेसिलने १०१८ ला बल्गेरिया जिंकला तेव्हा धान्यात कर घेत होता, पुढे नाण्यात मागायला लागले, शेतकऱ्याने नाणी आणायची कुठून? डेल्यानचा भडकाही त्यावरच उडाला होता.

अर्धवट_वाचक
मग हरले कशाने?

जुनं_पान
सुरुवात जोरदार होती हो, बायझंटाइन फौज हरवली, सेनापती दामियानोस दालासेनोस कैद. मग सैन्याचे दोन तुकडे केले, बोदिन उत्तरेला निशकडे आणि त्याचा सरदार पेत्रिलो दक्षिणेला. पेत्रिलो ओह्रिदपर्यंत गेला पण कास्तोरियाला सपाटून मार खाल्ला. तेवढ्यात बायझंटाइन सेनापती सारोनितेस स्कोप्येवर आला, व्होइतेखने शहर देऊन टाकलं आणि मग पस्तावून गुपचूप बोदिनला निरोप धाडला की ये, बायझंटाइन आत्ता मारता येतील. बोदिन भर डिसेंबरात बर्फातून निघाला खरा, पण सारोनितेसला आधीच कुणकुण लागली, वाटेतच गाठून पकडला.

तिखट
आणि व्होइतेख कॉन्स्टँटिनोपलला नेताना मारहाणीने वाटेतच गेला. बोदिन मात्र आधी मठात, मग अँटिओकला, तिथून व्हेनिसच्या खलाशांनी सोडवून आणला आणि पुढे दुक्ल्याचा राजा झाला पठ्ठ्या!

अर्धवट_वाचक
म्हणजे पाहुणा सुटला आणि यजमान मेला. येडेपणा हा शब्द मागे घेतो, पण निम्माच.