मदत हवी आहे: होयाच्या कळ्या उमलायच्या आधीच गळतात

गॅलरीतली_बाग (भुसावळ): टांगलेल्या होयाच्या वेलाला यंदा पहिल्यांदाच कळ्यांचे झुबके आले. कळ्या हरभऱ्याएवढ्या होतात, पिवळ्या पडतात, बोट लागलं की देठासकट खाली. फरशी चिकट होतेय. एकच झुबका उरलाय, लवकर सांगा!

तापीकाठ: कुंडी कुठे? माती कोणती? पाणी रोज घालता का?

धुळेकर: विचारायचं काय त्यात! आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ गाठतो. होया दमट जंगलात झाडांच्या खोडांवर वाढणारा वेल. कोरड्या झळेनेच कळ्या गळतात. कूलरच्या खोलीत घ्या.

तापीकाठ: कळ्या असताना कुंडी हलवली तर उरलेल्याही गळतील, भो. आणि झळेने फरशी चिकट होत नाही.

गॅलरीतली_बाग: गॅलरी पूर्वेची, दुपारी सावली. शेतातली काळी माती आहे. पाणी वेळेवर घालते.

तापीकाठ: काळी माती पाणी धरून ठेवते, मुळं कुजतात. फुलं सरल्यावर नारळाच्या शेंड्या, कोळसा घालून कुंडी पुन्हा भरा. आधी सांगा, जवळपास रुई किंवा कण्हेर आहे का?

रोपवेडी: जळगावला बदामाच्या आकाराचं होयाचं एकच पान कुंडीत लावून विकतात. घेऊ का?

तापीकाठ: पानासोबत खोडाचं पेर (जिथून फुटवा येतो तो सांधा) नसेल तर पान वर्षानुवर्षं हिरवं राहील, पण वेल फुटणार नाही.

गॅलरीतली_बाग: शेजारच्या मोकळ्या प्लॉटवर रुई माजलीय. तिचा काय संबंध?

तापीकाठ: होया रुईच्याच कुळातला, पान तोडलं की तसाच चीक येतो. रुईवरचा पिवळाधम्मक, काळ्या पायांचा मावा (रस शोषणारे बारीक किडे) होयावरही येतो, फरशी चिकट होते ती त्याच्यामुळेच. कळ्यांच्या देठांच्या बेचक्यात बघा.

रावेरचा_केळीवाला: मावा असेल तर ५ टक्के निंबोळी अर्क मारा. कपाशीवर आम्ही तोच मारतो.

धुळेकर: घरात त्या वासाने बसवणार नाही. आधी साध्या पाण्याची बारीक धार मारा, मग साबणाचं पातळ पाणी. संध्याकाळीच, उन्हात पानं भाजतील.

गॅलरीतली_बाग: सापडले! पिवळे किडे देठाला चिकटून बसलेत, मुंग्याही चढताहेत. आज संध्याकाळीच धुते. कळ्या गळालेले दांडे कापून टाकू ना?

तापीकाठ: मुळीच नको, ताई! पुढचे झुबके त्याच दांड्यांच्या टोकांना येतात.