खडतर विदा: मॉडेल सुधारायचं की आधी सेन्सर?

कंपनवेडा
बेअरिंगमधला बिघाड कंपनांवरून ओळखणाऱ्या मॉडेलांवरचे (म्हणजे विदेवरून, डेटावरून शिकणाऱ्या प्रोग्रामांवरचे) शोधनिबंध वाचले की ९९ टक्के अचूकता सर्रास दिसते. त्यातले बरेच निबंध अमेरिकेतल्या केस वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठाचा खुला विदासंच (डेटासेट) वापरतात. बेअरिंगमध्ये विद्युत ठिणगीने मुद्दाम बारीक खड्डे पाडून सेकंदाला १२,००० आणि ४८,००० नमुने अशा वेगाने ती कंपनं नोंदवलेली आहेत. संच मोलाचा आहे, घोळ होतो तो वापरताना. एकाच लांब नोंदीचे तुकडे करून ते पत्त्यांसारखे पिसतात. काही शिकवायला, काही परीक्षेला. म्हणजे परीक्षेतलं बेअरिंग मॉडेलने आधीच ऐकलेलं असतं! मोटरवरचा भार बदलून चाचणी घेतली तरी खड्डा तोच राहतो. मग मॉडेल बिघाड ओळखतंय की ते ठरावीक बेअरिंग, हे कसं कळणार?

माझं मत ठाम आहे. मॉडेल मोठं करण्याआधी सेन्सर कुठे बसवलाय, घट्ट बसलाय का, आणि त्याला काय मोजताच येत नाही, ते बघा. परीक्षा नेहमी न पाहिलेल्या यंत्रावर घ्या.

अनुमान
परीक्षेबद्दल सहमत, बाकीच्याशी अजिबात नाही. बसवलेला सेन्सर बदलणं बहुतेकांच्या हातात नसतं. शिवाय सेन्सर म्हातारा होतोच. धातूच्या ऑक्साइडचे वायुसेन्सर घ्या. १६ सेन्सर आणि ६ वायूंचा ३६ महिन्यांचा एक प्रसिद्ध विदासंच आहे. सुरुवातीच्या महिन्यांवर शिकवलेलं मॉडेल पुढच्या महिन्यांत घसरत जातं, कारण त्याच वायूला सेन्सरचा प्रतिसाद बदलत जातो. तिथे वेगवेगळ्या काळात शिकवलेली अनेक मॉडेलं एकत्र वापरून, ताज्या विदेवर चांगली चालणाऱ्या मॉडेलांना जास्त वजन दिलं की घसरण कमी होते. इथे हार्डवेअर बदलून काय साधणार? नवा सेन्सरही उद्या भरकटणारच.

हवेतली धूळ मोजणाऱ्या स्वस्त सेन्सरांचंही तेच. ते प्रकाशाच्या विखुरण्यावर चालतात. आर्द्रता वाढली की कण पाणी शोषून फुगतात आणि आकडा उगाच चढतो. मॉडेलला आर्द्रता दिली की चूक बरीच आटोक्यात येते.

कंपनवेडा
@अनुमान, ती दुरुस्ती जिथे शिकवली तिथेच चालते. कण किती फुगणार हे ते कशाचे बनलेत त्यावर ठरतं. मिठाचा कण आणि काजळीचा कण सारखे फुगत नाहीत. ठिकाण बदललं की शेजारी संदर्भ उपकरण (तुलनेसाठी अचूक मोजणारं) ठेवून पुन्हा शिकवणं आलं. भरकटणाऱ्या वायुसेन्सरांचं मात्र मान्य, तिथे मॉडेलला पर्याय नाही.

रिकामी_रकाना
तुम्ही दोघेही हाती आलेल्या विदेबद्दल बोलताय. मला न आलेल्या विदेची काळजी जास्त वाटते. पूर आला की पातळीमापकच वाहून जातो. म्हणजे सगळ्यात महत्त्वाच्या वेळचे आकडे गायब! त्या रिकाम्या जागी सरासरी भरणं म्हणजे पूर आलाच नाही असं लिहून ठेवणं. नोंद थांबली, ही माहितीही मॉडेलला द्यायला हवी.

बिघाडाच्या मोजक्या नमुन्यांबद्दलही तेच. २००२ सालची स्मोट पद्धत दुर्मिळ वर्गातल्या दोन जवळच्या नमुन्यांच्या मधला कृत्रिम नमुना बनवते. तक्त्यातल्या विदेवर ठीक आहे, पण कंपनांच्या दोन कच्च्या लहरींच्या मधली लहर कुठल्याही यंत्रातून निघत नाही.

अनुमान
@रिकामी_रकाना, लहरींबद्दल अगदी बरोबर. म्हणून मी आधी लहरीतून वारंवारतेची वैशिष्ट्यं काढतो, म्हणजे कुठलं कंपन सेकंदाला किती वेळा होतं ते. बेअरिंगची मापं आणि फेरे माहीत असले की बाहेरच्या कड्यावरच्या खड्ड्याची वारंवारता कागदावर काढता येते.

@कंपनवेडा, संदर्भ उपकरण शेजारी नाही म्हणून काम थांबवणार का? मॉडेलने आकड्यासोबत आपली अनिश्चितता सांगावी आणि अनोळखी विदा आली तर निर्णय माणसाकडे सोपवावा.

कंपनवेडा
तीच तर अडचण आहे. न्यूरल नेटवर्क प्रकारची मॉडेलं अनोळखी विदेवरही छातीठोक उत्तर देतात, हे वारंवार दिसलंय. ती अनिश्चितता खरी आहे का, हे तपासायलासुद्धा दुसऱ्या यंत्रावरची, दुसऱ्या ऋतूतली मोजमापं लागतात. ती गोळा करायला पैसा मागा. मोठ्या मॉडेलसाठी मागता ना, तसाच.

अनुमान
मागतो. पण ती येईपर्यंत आहे त्या सेन्सरवर मॉडेल चालूच ठेवणार. यंत्रं तोवर फिरायची थांबत नाहीत.